हातचा एक

घराच्या किल्ल्या देताना हॅरॉल्डने
मासेही दिले होते.
खणात एक जुना लिफाफा, त्याच्या पाठीवर पेन्सिलने:
'तळं दोनच फूट खोल. तळापर्यंत गोठतं.
थँक्सगिव्हिंगच्या आत सगळ्यांना खाली घ्या. एकूण अकरा.'
खाली म्हणजे बेसमेंटमध्ये,
फर्नेस आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या जागेत.

आम्ही घर घेतलं ते शाळेसाठी, गॅरेजसाठी.
सातबाऱ्यावर 'इतर हक्क' लागून यावेत
तसे मासे आले.

ओशकॉशमधलं हे तिसरं वर्ष.
मेपलची पानं कुजून पाणी कोऱ्या चहासारखं,
थर्मामीटर शेचाळीसवर.
यशोधन छातीपर्यंतच्या रबरी विजारीत उतरला,
पहिल्यांदाच सोवळं नेसल्यासारखा, जपून.
खाली निळी टाकी मी सकाळीच भरली होती,
अर्धं पाणी तळ्याचं, अर्धं नळाचं,
क्लोरीन मारायला मोजून थेंब.
पाण्यात बोट बुडवून पाहिलं,
विरजण लावताना दुधात बुडवते तसं.

थंडीत मासे पळत नाहीत.
जुलैमध्ये नुसत्या सावलीला बिचकणारे हे
आता जाळ्यात येतात
कारमध्ये झोपलेलं मूल
उचलून घरात नेताना असतं, तसे जड.

एक. दोन. पांढऱ्या शेपटीचा, तीन.
चार आणि पाच एकदम.
दहानंतर जाळ्यात पानंच येत राहिली.
अर्धा तास.
यशोधनचे ओठ निळे पडले, तरी तो म्हणत होता, 'थांब, एकदा अजून.'
कुंपणापलीकडून डॉलोरेस म्हणाली,
'ऑक्टोबरात बगळा आला होता. मी टाळ्या वाजवल्या.'
बगळा खाली वाकण्याआधी वाजवल्या की नंतर,
हे आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी फोन आला.
हॅरॉल्ड आता ॲपलटनच्या वृद्धाश्रमात.
मुलीचं नाव त्याला आठवत नाही,
मला कधी शीला म्हणतो, कधी शर्ली.
नोव्हेंबर मात्र चुकत नाही.
'किती निघाले?'

मोजले होते मराठीत,
खोटं बोलले इंग्रजीत:
'इलेव्हन.'
तिसरीत बेरजेच्या तासाला
हातचा मिळवायला मी नेहमी विसरायचे.
'फाटक्या कल्ल्याची म्हातारीपण?
व्हर्नाने जत्रेत रिंग टाकून जिंकलेली?'
'हो, तीपण.'
'खातेय का?'
'थंडीत कोण खातं, हॅरॉल्ड?'
तो बराच वेळ हसला. मग खोकला.

रात्री टॉर्च घेऊन बाहेर गेले.
पाण्यावर बर्फाची साय धरली होती.
ती बोटाने बाजूला केली,
स्वेटरची बाही काढून खांद्यापर्यंत हात घातला.
गाळ. टेनिसचा बॉल. एक दगड,
जो दगडच निघाला.
बोटं आपली आहेत की नाहीत कळेना,
तेवढ्यात त्यांच्यात काहीतरी वळलं.

अंगठ्याएवढा. काळा.
यंदाच्या उन्हाळ्यात जन्मलेला,
अजून रंग न आलेला,
कुठल्याही लिफाफ्यावर नसलेला.
ओंजळीत धरून पळत सुटले,
जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं तळं सांडत.

आकडा खरा झाला.
मासा नाही.

टाकीवर जाळी ठेवली, जाळीवर दोन विटा
(पहिल्या रात्री उड्या मारतात, लिफाफ्यावर तसंही लिहिलंय).
पंप घुरघुरत होता. ड्रायरवर बसून पुन्हा मोजले.
दहा जण तळाशी, एकाच बाजूला तोंडं करून.
काळा दिसत नव्हता, पण होता.

जानेवारीत विनेबागो तलावावर ट्रक उभे राहतील,
माणसं बर्फाला भोकं पाडून
तासन्‌तास मासळीची वाट बघत बसतील.
त्यांना आमचं हे सांगायला नको.

हाताला गाळाचा वास दोन दिवस होता.
पोळ्या लाटतानाही.